बप्पांच्या जीपचं दुसरं नाक

आमच्या शेजारच्या विश्वनाथबप्पांच्या मते जगात आजार एकच, हवा कमी पडण्याचा. कुणाची चूल धुमसत असो, कुणाचं पोर रडत असो, की दूध सोसायटीच्या सभेत ठराव अडकलेला असो, बप्पा पान चघळत यायचे, मान तिरकी करून ऐकायचे आणि निदान सांगून मोकळे व्हायचे, "हवा कमी पडायलीय." माझं लग्न लांबत चाललं तेव्हा त्यांनी आमच्या वडिलांना माजघरात खिडकी पाडायला लावली. लग्न त्यानंतरही लांबलंच, पण उन्हाळ्यात झोप बरी लागू लागली.

बप्पांकडं एक जीप होती. मूळचं पेट्रोलचं इंजिन काढून त्यांनी डिझेलचं बसवलेलं. सकाळी ती आमच्या सोसायटीचे दुधाचे कॅन येरमाळ्याला पोचवायची, मग दिवसभर माणसं वाहायची. मी त्या सोसायटीचा सेक्रेटरी. गाडी चालवायला मला बप्पांनीच शिकवलं होतं, त्यामुळं त्यांच्या सगळ्या उपद्व्यापांना मी हक्काचा साक्षीदार असायचो.

सपाटीवर ही जीप गुणाची होती. वाडीचा घाट आला की मात्र ती अंग काढून घ्यायची. पायथ्याला ती थांबली की कुणाला काही सांगावं लागत नसे. माणसं मुकाट्यानं उतरायची, ढकलायला लागायची, आणि एकजण सीटखालचा दगड काढून मागच्या चाकाजवळ चालायला लागायचा. जीप थोडी चढून बंद पडली की त्यानं चाकाखाली दगड सारायचा, नाहीतर गाडी माणसांसकट खाली.

ही दगडाची नोकरी कोंडाकाकूंची, म्हणजे बप्पांच्या बायकोची. काकूंचं माहेर घाटावरच्या त्या वाडीतलंच. मांडवपरतणीला जाताना जीप घाटात अडली, सोबतची पाहुणेमंडळी एकमेकांची तोंडं बघत बसली, तेव्हा नवी नवरी पदर खोचून खाली उतरली आणि तिनं दगड लावला. तेव्हापासून ते काम तिच्याकडंच राहिलं. बाहत्तरच्या दुष्काळात वाडीची विहीर आटली. बप्पा जीपमधून पाण्याची पिंपं वर न्यायचे आणि काकू दगड घेऊन मागं, खेपेमागून खेप. दुष्काळ सरला, काकूंचे गुडघे मात्र कायमचे गेले.

वाडीला एसटी नव्हती. वर काकूंची म्हातारी आई, डोळ्यांनी अधू, खाली उतरणं तिला शक्य नाही. काकूंना चालवत नाही. आणि बप्पांनी "तू आत बस, माणसं ढकलतील" म्हटलं की काकू भडकायच्या. "लोकांनी ढकलायचं आन म्या राणीवानी आत बसू? मला न्हाय जमायचं." असं करत माहेर तुटलं. काकू त्याबद्दल बोलत नसत. संध्याकाळी अंगणातून घाटाकडं बघत तांदूळ निवडत बसायच्या, एवढंच.

बप्पांनी एक दिवस जाहीर केलं, "घाट बसून चढायचा. कुणी उतरायचं न्हाय." गावानं हसून घेतलं. मीही हसलो.

पुन्हा दुष्काळाची वर्षं आली होती. गावोगाव बोअर मारायच्या गाड्या फिरत होत्या. त्यातल्या एका गाडीवरचं मोठं इंजिन मोडीत निघालं आणि त्याचा टर्बो बप्पांनी भंगारवाल्याकडून पोत्यात घालून आणला. दिसायला शंखासारखा. आमच्या आजीनं तर देवच आणला समजून त्याला हळद-कुंकू वाहिलं. बप्पांनी ते पुसलं नाही.

"साधं इंजन आपल्या नाकानं हवा वढतंय," त्यांनी मला समजावलं. "आता हितं धुराड्यातल्या धुरावर एक पंखा फिरतोय. त्याच दांडीवर दुसरा पंखा. त्यो हवा दाबून इंजनात कोंबतोय. म्हंजी दुसरं नाकच बसवायलोय मी."

पुढं कित्येक दिवस बप्पांचं अंगण म्हणजे कारखाना झाला होता. पाण्याच्या जुन्या टाकीचा पत्रा कापून जोड वेल्ड केला. हवेच्या तोंडाला काकूंची पिठाची चाळणी बसली. गळती शोधायला काकूंचा अंगाचा साबण संपला. काकू ओरडल्या, "उद्या मलाबी बसवा इंजनात!" बप्पा गंभीरपणे म्हणाले, "जागा न्हाय."

पहिली चाचणी त्यांनी नेमकी आमच्या वार्षिक सभेच्या दिवशी घेतली. चेअरमन पारावर उभे राहून प्रगतीवर बोलत होते. मागं जीप सुरू झाली. आधी बारीक शिट्टी, मग कारखान्याच्या भोंग्यासारखा आवाज, आणि मग पांढऱ्या धुराचा असा लोट आला की चेअरमन दिसेनासे झाले. धुरातून त्यांचं भाषण थोडा वेळ चालू होतं, मग नुसता खोकला ऐकू यायला लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या सभेत सगळे ठराव एकमतानं मंजूर झाले, कारण हात कुणाचा वर होता हे कुणालाच दिसलं नाही.

"ह्याला काय अर्थय, बप्पा?" चेअरमन डोळे चोळत म्हणाले.

"तुमच्या भाषणाला हवा कमी पडत हुती," बप्पा म्हणाले.

दोष तेलाचा होता. टर्बोला तेल द्यायची नळी त्यांनी लावली होती, पण परत जायची नळी फारच बारीक. तेल तुंबून धुराड्यात उतरत होतं. "पाव्हण्याला जेवाय वाढलं, पर उठून जायला वाट ठिवली न्हाय," असं स्वतःलाच बोलत बप्पांनी जाड नळी बसवली. धूर थांबला.

मग एका सकाळी ते अंगणात येऊन काकूंना म्हणाले, "लुगडं बदल. आईला भेटायला जायचंय."

काकू पुढच्या सीटवर बसल्या. मी मागं. पायथा आला. सवयीनं काकूंचा हात सीटखालच्या दगडाकडं गेला. बप्पांनी तो दगड उचलून मागं माझ्याकडं दिला आणि गाडी दामटली. शिट्टी चढली, आणि जीप खरोखर चढायला लागली. पहिलं वळण, दुसरं वळण. बाभळी मागं पडत होत्या. काकूंनी दांडा घट्ट धरला होता, पण तोंडावर लहान पोरीचं हसू होतं. बप्पा रस्ता सोडून तेच बघत होते, म्हणून मीच देवाचं नाव घेत होतो.

शेवटच्या वळणावर फाडकन आवाज झाला. टर्बोकडून येणारी रबरी नळी फुटली. शिट्टी गेली, जीप पहिल्यासारखी झाली आणि आचके देत थांबली. मी दगड घेऊन उडी मारणार, तेवढ्यात काकूंनी पाय बाहेर काढला.

"उतरायचं न्हाय!" बप्पा ओरडले. इतक्या वर्षांत मी त्यांना काकूंवर ओरडताना ऐकलं नव्हतं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "लई उतरलीस. सेक्रेटरी, तुमी हितं बसा. दगड द्या हिकडं."

मी ब्रेक दाबून स्टिअरिंगवर बसलो. बप्पा धोतराचा काचा मारून मागं गेले. मी जीप थोडी पुढं घ्यायची, ती बंद पडायची, मागून दगडाचा आवाज यायचा. बप्पा धापा टाकत होते. काकू पहिल्यांदाच ऐकून आत बसल्या होत्या, पण मान बाहेर काढून हुकूम सोडत होत्या, "तसा न्हाय! आडवा लावा! बोटं सांबाळा!" सांगता सांगता त्यांचे डोळे वाहत होते, आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

माथा आला. वाडीची घरं दिसली. मी जीप थांबवली. बप्पा घामानं निथळत, दगड दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभे होते. श्वास पुरत नव्हता.

काकू सीटवर सरकल्या आणि आपल्याशेजारी जागा केली.

"हवा कमी पडायलीय तुमाला," त्या म्हणाल्या. "या, बसा आता."