फ्रिजवरची लाल पाटी

"दूध काहाडू का नोको काहाडू?" फ्रिजसमोर उभ्या राहून कलावतीबाईंनी विचारलं.

शनिवारची सकाळ होती. चहाचं आधण उकळून उकळून निम्मं झालं होतं आणि फ्रिजच्या मुठीला लाल पत्र्याची एक पाटी लटकत होती. पाटीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'खतरा! बिना अनुमति हाथ न लगाएँ.'

"परमिशन घे," भैय्याजी हटवार वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले.

"कोनाची?"

"माही."

"मंग द्या."

"कायच्यासाठी उघडून राहिली, किती वेळ उघडा ठेवशील, अंदर कायले कायले हात लावशील, ते आधी सांग."

कलावतीबाईंनी गॅस बंद केला. "काळा चा प्या," असं म्हणून त्या देवघराकडे निघून गेल्या.

आम्हा भिलईच्या मराठी माणसांचं हे असंच आहे. आमचे बाप भंडारा-गोंदियाकडून एक ट्रंक घेऊन आले आणि पोलादाच्या प्लांटात चिकटले. घरात मराठी, बाहेर हिंदी करता करता शिफ्ट, शटडाउन असले शब्द आमच्या अंगात इतके मुरले की आमच्याकडे माणूस आजारी पडत नाही, ब्रेकडाउनमध्ये जातो. त्यात भैय्याजींची सारी नोकरी सेफ्टी डिपार्टमेंटात गेलेली. हेल्मेट घाला, बेल्ट बांधा, चालू मशीनला हात लावू नका, हे सांगता सांगता केस पांढरे झाले. निरोपाच्या दिवशी सोबत्यांनी शाल दिली, नारळ दिला आणि थट्टेनं ही लाल पाटीही दिली. शाल कुठं गेली कोण जाणे, पाटी मात्र भैय्याजींनी जपून ठेवली होती.

आता पाटीला काम मिळालं होतं, कारण फ्रिजमध्ये इंजेक्शन होतं.

कलावतीबाईंना रक्ताची कमी होती. दोन खोल्या झाडल्या की धाप लागायची, हुडको वस्तीच्या बाजारातून भाजी आणायची तर वाटेत दोनदा टेकावं लागायचं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि समजावून सांगितलं, की किडनी थोडी कमजोर झाली आहे. किडनीतून एक हार्मोन निघतो, तो हाडांना रक्त बनवायला सांगतो. तोच कमी पडतोय, म्हणून बाहेरून द्यायचा. आठवड्यातून एक इंजेक्शन आणि सोबत लोहाच्या गोळ्या.

"समजलं," भैय्याजी म्हणाले, "भट्टी चांगली हाय, पन प्लॅनिंगवाल्याईची ऑर्डरच येऊन नाही राहिली."

"सारी जिंदगी लोखंडाच्या गावात काहाडली," कलावतीबाई म्हणाल्या, "अन् लोखंड कमी पडलं तं माह्याच आंगात!"

डॉक्टर हसले, पण लगेच गंभीर झाले. इंजेक्शन फ्रिजमध्ये ठेवायचं, पण गोठू द्यायचं नाही. हलवायचं नाही. देण्याआधी दर वेळी बीपी बघायचं. रक्त तपासत राहायचं आणि हिमोग्लोबिन अकराच्या आसपास ठेवायचं.

"अकराच?" भैय्याजींना हे पटेना. "पंधरा कावून नाही? आमच्याकडं टार्गेटच्या वर गेलं का मिठाई वाटत होते."

"इथं टार्गेटच्या वर गेलं की रक्त घट्ट होतं, गुठळ्या होतात. मिठाई नाही वाटत, भरती करून घेतो."

मग डॉक्टरांनी कलावतीबाईंना विचारलं, काही विचारायचं आहे का. त्यांनी एकच विचारलं. "मले माहा आवाज वापस भेटन का?"

ही खरी गोष्ट होती. भजनी मंडळात पहिली ओळ उचलायची ती कलावतीबाईंनीच, हा वर्षानुवर्षांचा रिवाज. मागच्या होळीनंतर एकदा ओळीच्या मध्येच त्यांचा दम तुटला. शेजारच्या गयाबाईंनी ती ओळ उचलली आणि पुन्हा खाली ठेवलीच नाही. गयाबाईंचा आवाज मोठा होता, सुराशी मात्र त्यांचं फारसं येणंजाणं नव्हतं. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. भिंतीवरून जाणारी साखरेची वाटी बंद, लोणच्याची बरणी बंद. कलावतीबाई घरात पोळ्या लाटताना एखादी ओळ गुणगुणायला जायच्या आणि अर्ध्यावर थांबून लाटणं जोरात फिरवायच्या. भैय्याजींना ते ऐकवत नसे. म्हणूनच त्यांनी ठरवलं होतं, की इंजेक्शनच्या बाबतीत एक चूक म्हणून होऊ द्यायची नाही.

आणि इथंच घात झाला.

शनिवारी दुपारी लाइट सारखी जात-येत होती. जूनचं ऊन, घराची नुसती भट्टी झालेली. भैय्याजींनी फ्रिजमध्ये हात घालून पाहिला तर त्यांना तो कोमट वाटला. जितकं थंड तितकं सेफ, असा साधा हिशेब करून त्यांनी बटण फिरवलं ते थेट शेवटच्या आकड्यावर. दारातल्या कप्प्यात इंजेक्शन हलतं, म्हणून डबी उचलून पार आत, बर्फाच्या कप्प्याला टेकवून ठेवली. पाटी सरळ केली आणि समाधानानं झोपायला गेले. संध्याकाळी लाइट आली ती मग गेलीच नाही.

रविवारी सकाळी कलावतीबाई आंघोळीला गेल्यावर भैय्याजींनी डबी काढली. ती कप्प्याला चिकटली होती. ओढून काढली, उघडली, तर आतल्या सुईच्या नळीत स्वच्छ पांढरा बर्फ झाला होता.

"मेलो!" भैय्याजी म्हणाले.

पहिल्यांदा त्यांनी ते काखेत धरलं. थोड्या वेळानं बर्फ वितळला आणि इंजेक्शन पुन्हा पाण्यासारखं नितळ दिसू लागलं. बघून कोणालाही काही कळलं नसतं. पण डबीतल्या कागदावर साफ लिहिलं होतं, गोठलेलं इंजेक्शन वापरू नका. भैय्याजींना आपलीच भाषणं आठवली. दोरी आतून कुजली तर वरून दिसत नाही, म्हणून तिच्यावर माणूस लटकवायचा नसतो. हे बिघडलेलं औषध कलावतीच्या अंगात गेलं असतं, रक्त वाढलं नसतं, आणि ती बिचारी पोळ्या लाटताना वाट बघत राहिली असती. छे! हे टोचू द्यायचं नाही, एवढं तर त्यांनी त्या क्षणी ठरवलं.

आता खरं तर सांगून टाकायला हवं होतं. प्लांटात त्यांचं आवडतं वाक्य होतं, 'अपघात होता होता वाचला तर तो नियर मिस. तो लपवू नका, रिपोर्ट करा.' किती जणांना त्यांनी हे ऐकवलं असेल याला गणती नाही. पण लोकांना रिपोर्ट करायला सांगणं वेगळं, आणि ओल्या केसांना पंचा गुंडाळून बाहेर येणाऱ्या बायकोला रिपोर्ट करणं वेगळं. भैय्याजींनी इंजेक्शन खुंटीवरच्या आपल्या जुन्या हेल्मेटात लपवलं, फ्रिजचं बटण मागे फिरवलं आणि डॉक्टरांची चिठ्ठी खिशात टाकली.

"कुठं चालले जी?"

"पावर हाउसच्या बजारात. कारले आनतो."

"कारले? तुमी तं कारल्याले शिव्या देता."

"आता शुगरचा विचार कराले लागते ना!" असं म्हणून ते सटकले.

रविवार असल्यामुळे पावर हाउसला औषधांची बरीच दुकानं बंद होती. एक उघडं सापडलं. दुकानदारानं चिठ्ठी पाहून तेच, तितक्याच ताकदीचं इंजेक्शन काढलं आणि बर्फाच्या पिशवीसोबत दिलं. भैय्याजींनी डबी आणि बर्फ यांच्यामध्ये आधी रुमाल, मग बनियनची घडी घातली, कारण आता त्यांना बर्फाचीच भीती बसली होती. बनियन कुठून आलं हे दुकानदारानं पाहिलं, पण त्या भल्या माणसानं मान वळवून सुटे पैसे मोजायला घेतले.

ऑटोत ते डबी दोन्ही हातांत अधांतरी धरून बसले. हलवायचं नाही म्हणजे नाही. गतिरोधक आला की सीटवरून अर्धे उठायचे.

ऑटोवाल्यानं आरशातून पाहून छत्तीसगढीत विचारलं, "का होगे बबा, बम धरे हस का?"

"धीरे चला बेटा. इसमें मेरी घरवाली का खून है."

ऑटोवाल्यानं असा करकचून ब्रेक मारला की भैय्याजींचं डोकं पुढच्या दांडीवर आपटलं. डबी मात्र हवेत जशीच्या तशी होती. हेल्मेट घालायला हवं होतं, असं त्यांना पहिल्यांदाच स्वतःसाठी वाटलं. सगळं समजावून सांगेपर्यंत ऑटोवाला हात जोडत होता आणि उरलेला रस्ता त्यानं बैलगाडीच्या चालीनं काढला.

घराजवळ आले तर कलावतीबाई दारातच तांदूळ निवडत बसलेल्या. हातात डबी घेऊन त्यांच्यासमोरून जाणार कसं? भैय्याजी वळले ते शेजारच्या गयाबाईंच्या घरात.

"वहिनी, हे जरा फ्रिजात ठेवता का? दारात ठेवा. मांगं नोका ठेवू, हलवू नोका, बर्फाजवळ नोका."

"काय हाय भाऊजी?"

"दवाई. कलावतीले सांगू नोका."

गयाबाईंना कारलं पचायचं, वांगं पचायचं. 'सांगू नका' तेवढं पचत नसे.

भैय्याजी घरी गेले. "कारले?" कलावतीबाईंनी विचारलं.

"भेटले नाही."

"पावर हाउसले कारले नाही भेटले?"

तेवढ्यात मोहन नगरहून स्कूटीवर जया आली. ही नर्स मुलगी दर रविवारी इंजेक्शन द्यायला यायची. तिनं कलावतीबाईंच्या दंडाला पट्टा बांधला. "बीपी एकदम ठीक हाय काकू. अंकल, इंजेक्शन ले आओ."

"आनतो," म्हणून भैय्याजी बाहेर गेले. फ्रिज घरात आणि माणूस अंगणात, याचं जयाला नवल वाटलं. भैय्याजी गयाबाईंच्या दाराशी पोचले, तर दाराला कुलूप! हाका मारल्या, खिडकीतून डोकावून पाहिलं. आत फ्रिज दिसत होता, त्याच्या पोटात कलावतीचा आवाज होता, आणि मध्ये हे एवढं मोठं कुलूप. गयाबाईंचा नवरा केवलराम मटण आणायला गेलेला. भैय्याजींच्या कपाळावरून घाम ओघळायला लागला.

ते परत आले. कलावतीबाई पदर सावरून, पोटाजवळची जागा पुसून तयार बसल्या होत्या. त्या नुसत्या बघत होत्या, शांतपणे. ते बघणं भैय्याजींना सहन झालं नाही. त्यांनी हात पाठीमागे बांधले, ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "नियर मिस झाला."

"काय झाला?" जयानं विचारलं.

मग भैय्याजींनी सगळं सांगितलं. बटण, बर्फ, काख, बनियन, ऑटो, गयाबाई, कुलूप. "पयलं इंजेक्शन तिकडं हेल्मेटात हाय. ते वापरू नोको बेटा, दिसते चांगलं, पन बेकार झालं. चूक माही हाय. बाकीच्या दुनियेले अक्कल शिकवली अन् घरचं इंजेक्शन मीच गोठवलं. आता कलावतीची सुई चुकते का काय!"

"झालं सांगून?" कलावतीबाईंनी विचारलं.

"झालं."

"गया, आन वो."

स्वयंपाकघरातून गयाबाई आल्या. एका हातात इंजेक्शनची डबी, दुसऱ्या हातात चहाचा कप. दुधाचा चहा!

"तुमी जयासंगं होते तवा मी मांगच्या दारानं आली, तुमी बाहेर गेले तवा ताईले सांगितलं," गयाबाई म्हणाल्या. "तुमी नोका सांगू म्हनलं ना, मंग सांगनं भागच होतं."

"म्हंजे तुले मालूम होतं?" भैय्याजींनी बायकोला विचारलं.

"होतं. पाहून राहिली होती, तुमी सांगता का नाही." कलावतीबाईंनी डोळ्यांना पदर लावला, हसू पुसलं की दुसरं काही ते कळलं नाही. "सांगितलं ना. बस झालं."

जयानं डबीवरची तारीख पाहिली, चिठ्ठीशी ताकद जुळवली, नळी उजेडात धरली आणि अलगद टोचलं. भैय्याजी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"अब अंकल का नंबर," पट्टा उचलत जया म्हणाली. "पसीना कितना आया है देखो." तिनं मोजलं, पुन्हा मोजलं. "बाप रे! काकूंचं नाही, तुमचंच वाढून राहिलं. चुपचाप बसा, मी थोड्या वेळानं परत पाहते. उतरलं नाही तर आजच डॉक्टरकडं चला."

कलावतीबाई उठल्या. फ्रिजच्या मुठीवरून लाल पाटी काढली आणि नवऱ्याच्या सदऱ्याच्या वरच्या बटणात अडकवली. "बसा आता व्हरांड्यात," त्यांनी हुकूम सोडला. "भट्टीले शटडाउन."

भैय्याजी निमूटपणे व्हरांड्यातल्या खुर्चीत जाऊन बसले. आत गयाबाई म्हणत होत्या, "ताई, आज संध्याकाळी भजनात पयली ओळ तुमीच उचला. तुमच्याबिगर मजा नाही येत."

"दोन-चार सुयाईनं आवाज येत नाही वो. डॉक्टर म्हने हळूहळू. आज तूच उचल. पन सुरात उचल माय! थांब, मी दाखवते."

एवढ्यात हातात मटणाची पिशवी घेऊन केवलराम फाटकातून आला. पाटी बघून थांबला आणि मोठ्यानं वाचू लागला, "खतरा! बिना अनुमति... कावून भैय्याजी, हे तुमाले कोनं लावलं?"

"सेफ्टी डिपार्टमेंटनं. चूप बस जरा."

आतून गयाबाईंचा आवाज उठला आणि नेहमीप्रमाणे आडवाटेला लागला. मग त्याच्याखालून दुसरा आवाज आला. बारीक होता, थोडा थरथरत होता. भैय्याजींनी खुर्चीचे हात घट्ट धरले. आवाज ओळीच्या मध्यावर आला, त्या अवघड जागेवर क्षणभर अडला, आणि तिथून पुढे जाऊन ओळ पुरी करून थांबला. तोवर भैय्याजींनी श्वास घेतला नव्हता. डोळे भरून आले ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

केवलरामला वाटलं, हा बिचारा पाटीमुळे रडून राहिला. त्यानं पिशवी खाली ठेवली आणि पाटी काढायला हात पुढे केला.

"हात नोको लावू," भैय्याजी म्हणाले. "वाचता येते ना तुले?"