गोविंदकाकांचे तीन कॅमेरे

सांगा, एका माणसाचा एक फोटो काढायला किती कॅमेरे लागतात?

एक, असं म्हणाल तर तुम्ही आमच्या वसमतच्या गोविंदकाकांना ओळखत नाही. त्यांना तीन लागतात. तिन्ही जुने, जपानी, कोटाच्या खिशात जेमतेम मावणारे. एक घरात आधीपासून होता. एसटी डेपोतली कारकुनी संपल्यावर हैदराबादच्या जुन्या बाजारातून त्यांनी आणखी दोन आणले, आणि सुनांना द्यावीत तशी नावं दिली : थोरली, मधली, धाकटी.

एका दुष्काळी उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन टँकरमागे धावत होत्या. आम्ही पोरं पाण्यासाठी पत्रकं वाटत होतो. आणि हा गृहस्थ ओसरीवर बसून भिंगं पुसत होता! मी पत्रक पुढे केलं. त्यांनी ते बोटांत चोळून पाहिलं.

"बराबर लिवलंस लेका. पण कागद खरबडीत हाय. भिंगाला चरे पडतील."

मग तुलना सुरू. "थोरलीचा आवाज आयक. मांजरानं पाय टाकल्यावानी! मधलीला सेल लागत न्हाई, उजेडावर चालते. पण लई मानी. उजेड कमी झाला की बटणच दाबू देत न्हाई." धाकटीचा सेल बाजारातून नाहीसा झाला होता, म्हणून कानयंत्राचा सेल चांदीच्या कागदात गुंडाळून तिच्या पोटात बसवलेला. एवढी अक्कल या माणसानं गल्लीतल्या हातपंपावर खर्च केली असती तर?

या कॅमेऱ्यांच्या खिडकीतून माणूस दोन-दोन दिसतो. भिंगाची कडी फिरवत एक दुसऱ्यावर बसवायचा, मगच बटण. काका याला 'नजर जुळवणं' म्हणत. शेजारच्या बारशाला त्यांनी अशी नजर जुळवायला घेतली, तेव्हा लेकराची आजीच ओरडली, "आवरा भाऊजी, पोरगं रांगाया लागंल!"

एकदा संध्याकाळी शिरड शहापूरकडची गंगूबाई नवऱ्याला हाताला धरून आली. मेंढरं राखणारी माणसं. सोपानला सकाळी ऑपरेशनला नांदेडला न्यायचं होतं आणि बाजारातला फोटोवाला दुकान बंद करून लग्नाला गेलेला.

"दोघायचा मिळून एक बी फोटू न्हाई," ती म्हणाली. "कोन जाने काय व्हतंय."

काकांनी दोघांना अंगणात बसवलं. ऊन भिंतीवरून उतरत होतं. थोरली काढली, नजर जुळवली, खट्. झालं, असं मला वाटलं. काकांनी मधली उचलली. तिनं बटण दाबू दिलं नाही. मग खुर्च्या सरकवून दोघांना उरलेल्या उजेडात ओढलं. सोपान घामाघूम झाला.

"अवो, हे लेकरावानी थकून राहिले," गंगूबाई काकुळतीला आली.

माझा तोल गेला. "काका, माणूस दुखण्यानं वाकलाय आणि तुमी भिंगाच्या परीक्षा घेऊन राहिले! एक काढला न्हवं? सोडा त्याला!"

काकांनी धाकटीची कडी फिरवता फिरवता, माझ्याकडे न बघता सांगितलं, "तुझ्या काकीचा एकच काढला होता."

"ह्या थोरलीनं. ह्यात बघायची खिडकी येगळी अन् भिंग येगळं. खिडकीतून झ्याक दिसत होती. नजर जुळली. पण भिंगावरची टोपी तशीच राहिली. आपल्याला काय कळतंय? रोल धुऊन आला तवर तिचा दहावा झाला होता. समदा काळा." खट्. "आता एकीवर इस्वास न्हाई ठेवत."

मग सोपानला म्हणाले, "झालं बाबा. तकलीफ दिली. पानी पी."

सोपान नांदेडहून परतला नाही. थोरलीचा फोटो हलला होता, मधलीनं काढलाच नव्हता. धाकटीचा मात्र स्वच्छ आला. गंगूबाईनं तो बराच वेळ पदरानं पुसला. "माझ्याकडं बघून राहिले की वो," एवढंच बोलली.

माझं मत मी बदललेलं नाही. भिंगांच्या तुलनेत आयुष्य घालवणं हा मला आजही करंटेपणाच वाटतो. पण परवा त्यांच्या घरी भिंतीवर नजर फिरवली. अर्ध्या वसमतचे फोटो आहेत. त्यांत काकी नाही, आणि काकाही नाहीत. "माझा कोन काढणार?" ते हसले. माझ्याजवळ कॅमेरा नाही, आणि 'पत्रकवाल्याचा हात हलतो' असं म्हणत तिघींपैकी एकीलाही ते मला शिवू देत नाहीत.

तेव्हा वाचकहो, तुमच्याकडे कसलाही कॅमेरा असू द्या, वसमतला आलात की डेपोमागच्या गल्लीत शिरा. कोणीही घर दाखवील. काकांना अंगणात बसवा. तुमच्या भिंगात काय खोट आहे ते ते सांगायला लागतील. ऐकत बसू नका. बटण दाबा.