तापल्याबिगर हालायची न्हाई

हरिबा ड्रायव्हर गाडी सुरू करायचा आणि खाली उतरून निघून जायचा.

इस्लामपूरच्या मोटारस्टँडवर हे रोज सकाळी घडे. सांगलीचे उतारू आत दाटीनं बसलेले, इंजिन धडधडतंय, आणि हरिबा समोरच्या हॉटेलात चहा फुंकतोय. कुणी हाक मारली की म्हणायचा, "तापल्याबिगर हालायची न्हाई." मग सावकाश येऊन रेडिएटरच्या वरच्या नळीला हात लावायचा. नळी ऊन लागली तरच आपल्या जागेवर चढायचा.

मी आष्ट्याच्या शाळेत मास्तर. रोज याच गाडीनं जायचो आणि रोज उशिरा पोचायचो. एकदा मी त्याला कारण विचारलं. लढाईत त्यानं इटलीत लष्कराचे ट्रक चालवले होते, आणि थर्मोस्टॅट नावाच्या झडपेचं वेड तिकडूनच आणलं होतं.

"आवं मास्तर, ह्यो दरवान हाय. इंजन गार असंल तवर पाणी आतल्या आत फिरवतो, रेडिएटरकडं जाऊ देत न्हाई. तापलं की दार उघडतो. गार इंजन पळवलं तर आतनं घासतंय, आन पेट्रोल बी लय पितंय."

बाकीच्या ड्रायव्हरांनी झडपा काढून फेकल्या होत्या; त्यानं गाडी तापत नाही म्हणे. गाडीच्या मालकानं हरिबालाही काढायला लावली. थंडीचे दिवस. इंजिन सांगलीपर्यंत कोमटच राही, चढाला रडे, आणि पेट्रोलची रेशनची कुपनं महिना सरायच्या आत संपली. हरिबानं झडप परत बसवली.

बसवण्याआधी ती हॉटेलवाल्याला चहाच्या आधणात सापडली. "उघडती का बगतुया," हरिबा म्हणाला. त्या दिवशी हॉटेलात कुणी चहा घेतला नाही. हरिबानं दोन कप घेतले.

चैत्रात एकदा मी शाळेच्या कामासाठी सांगलीला निघालो होतो. मागच्या बाकावर कारंदवाडीचा एक शेतकरी आणि त्याची बायको. मांडीवर तापानं फणफणलेली चार वर्षांची मुलगी. तिला मिरजेच्या दवाखान्यात न्यायचं होतं. आष्टा सोडलं आणि इंजिनातून वाफ निघाली. हरिबानं गाडी थांबवून नळीला हात लावला. इंजिन उकळत होतं, नळी गार होती.

"दार अडाकलं," तो म्हणाला. "उघडंनाच झालंय."

शेतकरी विहिरीवरून घागर भरून घेऊन आला. हरिबानं त्याचा हात धरला. "आत्ता गार पाणी वतलं तर इंजन तडकंल. मग पोरीला खांद्यावर न्यावं लागंल."

"मग काय बगत बसू व्हय?"

"बस. मी बी बसतो."

अर्धा तास तो त्या माणसाशेजारी बांधावर बसला. मग पाना घेतला, झडप काढली, पाणी गळू नये म्हणून माझ्या वहीचा पुठ्ठा फाडून सांध्यात घातला आणि थोडं थोडं पाणी ओतलं. सांगलीच्या स्टँडवर आम्हाला उतरवून गाडी तशीच मिरजेला नेली. मालकाला न विचारता.

मालकानं त्याला स्टँडवर सगळ्यांदेखत झापलं.

पंधरा दिवसांनी तो शेतकरी स्टँडवर आला. मुलगी त्याच्या बोटाला धरून चालत होती. तो हरिबाला म्हणाला, "ऐतवारी घरी जेवायला या. कारभारणीनं सांगितलंय." हरिबानं मान डोलावली. लढाईवरून आल्यापासून तो गाडीतच झोपे. भावाच्या घरी त्याला जागा नव्हती, हे मला त्या दिवशी हॉटेलवाल्याकडून कळलं.

संध्याकाळी मी गाडीतून उतरताना त्यानं मला बाजूला घेतलं.

"मास्तर, त्यो जेवायला या म्हनला. असं म्हनल्यावर खरंच जायाचं असतंय का?"

"जायचं असतं," मी म्हणालो.

त्यानं तेलकट हात सदऱ्याला पुसले.

"किती वाजता जावं?"