पिंजऱ्यातले यजमान

त्या रविवारी मी चहाचा थर्मास घेऊन खाली पार्किंगमध्ये जायला नको होतं. मालन म्हणाली, "अहो, पोरांना चहा देऊन या," आणि मी पेपर बाजूला ठेवून उठलो. (लग्न जुनं झालं की नवरा आधी उठतो आणि कशासाठी ते मग विचारतो.) पुढचं सगळं रामायण त्या थर्मासमुळे घडलं.

आमची श्रुतिका इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या दिवाळीनंतर तिनं मला विचारलं होतं, "बाबा, तुझ्या पार्किंगमध्ये आमचं प्रोजेक्ट ठेवलं तर चालेल?" आमच्या वेळी प्रोजेक्ट म्हणजे थर्माकोल, रंगीत कागद आणि वर एक बल्ब. मी उदार मनानं हो म्हणालो. तेव्हापासून माझी स्कूटर कचऱ्याच्या डब्यांशेजारी उभी असते आणि तिच्या जागी लोखंडी पाइप, ग्राइंडर, वेल्डिंगचं मशीन आणि चार-पाच काळवंडलेली पोरं असतात. हळूहळू त्यातून एक वस्तू उभी राहिली. तिला दारं नव्हती, काचा नव्हत्या, छप्पर नव्हतं. एकदा मी विचारलं, "ही पूर्ण कधी होणार?"

"झालीच आहे, बाबा," श्रुतिका म्हणाली. "फक्त दोन-तीन पाइप राहिलेत."

ही म्हणे चिखलातून, दगडांवरून आणि खड्ड्यांतून पळायची रेसची गाडी. (मालाडमध्ये मी रोज रिक्षानं स्टेशनला जातो, त्याचीही शर्यत भरवतात हे मला ठाऊक नव्हतं.) चालवणार होती आमची श्रुतिका. स्पर्धा नाशिकच्या पलीकडे कुठल्याशा माळावर, आणि सोमवारी सकाळी तिथे गाडीची तपासणी. तपासणीत नापास झाली तर गाडी मैदानात उतरत नाही. पोरीनं वर्षभर झोप मोडून जे केलं ते सगळं त्या एका सकाळवर होतं. म्हणून रविवारी दुपारीच टेम्पो येऊन गेटापाशी उभा होता.

तर मी थर्मास घेऊन पोचलो. श्रुतिकानं माझ्याकडे आपादमस्तक बघितलं. असं तिनं यापूर्वी कधी बघितलं नव्हतं, त्यामुळे मला बरं वाटलं.

"बाबा, आत बस ना जरा. नियम आहे, दणकट ड्रायव्हरसुद्धा आत मावला पाहिजे. आमच्याकडे सगळेच काटकुळे आहेत."

'दणकट' हा शब्द ऐकून मी बसलो. बाजूचा एक पाइप अजून लावायचा होता, त्या फटीतून मी तिरका होऊन, श्वास रोखून आत शिरलो. सीट अरुंद होती. तिनं मला दोन्ही बाजूंनी घट्ट धरलं. डोक्यावर पाइप, गुडघ्यांपुढे पाइप. पोरं त्या पिंजऱ्याला केज म्हणत होती. श्रुतिकानं डोक्यावरची जागा मोजली, "झकास" म्हणाली आणि बॅग आणायला वर पळाली. आता उतरायचं का, हे मी विचारणार, एवढ्यात धाकूमामा आले.

धाकूमामा म्हणजे मालनचे मामा. गिरणी बंद पडल्यापासून आमच्या नात्यातली सगळी शुभकार्यं त्यांच्याच हातून होतात, कोकणी पद्धतीनं देवाला गाऱ्हाणं घालण्यापासून नारळ फोडण्यापर्यंत. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात लिंबू-मिरची.

"जावयबापू आधीच बसलेत? बरा झाला," मामा म्हणाले. "धनी आत बसल्याशिवाय गाडयेचा गाराणा कसला? पण राहुकाळाच्या आधी उरकूक व्होया. काय रे, तुमचा काय रवला?"

"शेवटचा पाइप, आजोबा," धम्मपाल म्हणाला. धम्मपाल हा त्यांच्या टीमचा वेल्डर. चेंबूरचा, अतिशय सभ्य पोरगा. मी त्याला आजवर कुणापुढे आवाज चढवताना ऐकलेलं नाही.

"मग लाव. मी सुरू करतंय."

धम्मपालनं माझ्याकडे बघितलं. मी मामांकडे बघितलं. मामांनी डोळे मिटले.

"काका, हलू नका हं," असं म्हणत धम्मपालनं माझ्या अंगावर ओलं गोणपाट टाकलं आणि माझ्या डोक्यावर वेल्डिंगचं जादा हेल्मेट चढवलं. मला दिसेनासं झालं. बाहेर मामांचा आवाज घुमू लागला, "बा देवा म्हाराजा, ही जी काय पोरांनी गाडी बांधलेली आसा..." आणि पोरं एका सुरात, "व्हय म्हाराजा." मध्येच चर्रर्र, मध्येच जळका वास. मी अंधारात विचार करत होतो की हे काहीतरी चुकतंय. पण एकीकडे इंजिनीअर, दुसरीकडे मामा. दोन्ही बाजूंना जाणकार असताना मी कोण विचारणार? मीही "व्हय म्हाराजा" म्हणालो.

गाऱ्हाणं संपलं. हेल्मेट आणि गोणपाट निघालं. बॅग घेऊन श्रुतिका आली आणि जागच्या जागी थांबली.

"बाबा, तू अजून आत?"

"उतरतोच आहे," मी म्हणालो आणि उठलो. म्हणजे उठायचा प्रयत्न केला. पोट नव्या पाइपला टेकलं. मी डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, पाय आधी काढून बघितला. पायाबरोबर बाकीचा मी येईना.

"धम्या, बाबा आत असताना तू वेल्डिंग केलंस?"

"मला वाटलं तुमच्यात असंच असतं," धम्मपाल हळू आवाजात म्हणाला. "धनी आत बसवतात, असं आजोबा म्हणाले. धार्मिक गोष्टीत मी कशाला बोलू?"

"आणि मामाआजोबा, तुम्ही?"

"माका वाटला कॉलेजात अशीच पद्धत आसा," मामा म्हणाले. "शिकलेल्या पोरांका मी काय सांगतलंय?"

मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला काय वाटलं होतं, हे कुणी विचारलं नाही.

पाइप कापायचा म्हटलं तर दुसरा नव्हता, आणि जोड दिलेला पाइप तपासणीत चालत नाही. टेम्पोवाला हॉर्न देत होता. श्रुतिका खाली बसली आणि बुटाची नाडी उगाच सोडून पुन्हा बांधू लागली. लहानपणी रडू आवरायचं असलं की ती हेच करायची. मला गलबलून आलं. या पोरीनं आख्खी गाडी उभी केली होती आणि मी, तिचा बाप, त्या गाडीतली एकमेव चूक होतो.

"कापू नका," मी म्हणालो. "मला असाच टेम्पोत चढवा. नाशिकपर्यंत येतो."

तेवढ्यात मालन खाली आली. तिनं गाडीला एक फेरी मारली आणि विचारलं, "वरून निघत नाहीत तर खालून काढा ना. हे बूड कशावर टेकलंय?"

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. मग गाडी उचलून विटांवर ठेवली, खालचा पत्रा सोडवला, सीटचे बोल्ट काढले आणि चौघांनी धरून मला सीटसकट खाली उतरवलं, ओढत बाहेर काढलं. मामांनी नारळ फोडला. माझे गुडघे इतके आखडले होते की मला तसंच लिफ्टजवळ ठेवण्यात आलं. कुणी पाणी दिलं. पोरांनी घाईघाईनं पत्रा लावला, गाडी टेम्पोत चढवली, ताडपत्री बांधली. श्रुतिका धावत येऊन माझ्या पाया पडली.

"बाबा, थँक्यू. तू टेम्पोत बसायला तयार झालास ना, ते मी विसरणार नाही."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जा, जिंकून ये," एवढंच म्हणालो. टेम्पो गेला. मामा वर जेवायला गेले, मालन त्यांना वाढायला गेली. मी मात्र तिथेच बसून राहिलो. वॉचमननं सलाम केला. शेजारच्या नंदाताई "काय साहेब, आज निवांत?" म्हणाल्या. मीही पायावर पाय टाकून "मुलगी रेसला गेली" म्हणून सांगत होतो. इतकं ऐटीत मी कधी बसलोच नव्हतो.

मग श्रुतिकाचा फोन आला. टेम्पो दहिसर ओलांडून पुढे गेला होता. तिचा आवाज फार शांत होता.

"बाबा, तू आत्ता कशावर बसलायस?"

मी खाली बघितलं. बराच वेळ बघितलं.

"रिक्षा कर आणि सीट घेऊन ताबडतोब निघ," ती म्हणाली. "आम्ही घोडबंदरला थांबतोय."

"पण मग मी तसाच पुढे येऊ का, नाशिकला? रेस बघायला?"

पलीकडे ती आणि धम्मपाल काहीतरी कुजबुजले.

"सीट रिक्षात नीट ठेव," ती म्हणाली. "जागा उरली, तर तूही ये."