वाएलनं डबा वाजवला

झर्का शहरातल्या चिमण्यांचं यापुढे आपणच बघायचं, असं वाएलनं ठरवलं. नवं लग्न, नवं भाड्याचं घर. त्यात नवरा हळव्या मनाचा निघाला, याचं रुदैनाला कौतुकच वाटलं. (तेव्हा वाटलं.) त्यानं टोमॅटोच्या खोक्याचं घरटं ठोकलं, तेलाच्या रिकाम्या डब्यात दलिया भरला आणि गच्चीवर चिमण्यांची वाट बघत बसला.

चिमणी एकही आली नाही. आलं ते तांबड्या गळ्याचं, पायात वळं घातलेलं कबूतर. ते थेट घरट्यात शिरलं आणि सुनेचा संसार तपासायला आलेल्या सासूसारखं चहूकडे बघू लागलं.

वाएल पांढराफटक पडला. कबूतर शेजारच्या गच्चीवरच्या अबू गालिबचं होतं. गल्लीतल्या दुकानदारानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं: कबूतरबाजांमध्ये पाखरू ज्याच्या गच्चीवर उतरलं, त्याचं झालं. पण ठेवून घेतलं, की वैर पुकारलं. अशाच ठेवून घेतलेल्या एका कबूतराच्या मादीपायी अबू गालिबनं एकाचा जबडा मोडला होता. तो बिचारा अजून नुसतं सूप पिऊन राहतो म्हणे.

"मग हाकल की त्याला," रुदैना म्हणाली.

जवळ जायचा धीर होईना. वाएलनं दलियाचा डबा उचलला आणि लांबूनच खडखडा वाजवला.

आता, अबू गालिब आपल्या कबूतरांना जेवायला बोलावतो तो नेमका असाच. (हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक; ठाऊक नव्हतं ते फक्त वाएलला.) आकाशात घिरट्या घालणारा अख्खा थवा वळला आणि त्यांच्या गच्चीवर उतरला. घाबरून वाएलनं डबा आणखी जोरात वाजवला. मागे राहिलेली दोन म्हातारी कबूतरंही आली.

मग जिन्यात जड पावलं वाजली. रुदैनाला वाटलं, मेंदीचा रंगसुद्धा उतरला नाही, आणि विधवा व्हायची वेळ आली. तिनं वळून पाहिलं, तर नवरा पाण्याच्या टाकीमागे पोचला होता. डबा तेवढा तिच्या हातात देऊन गेला होता.

"माझी पाखरं कुणी बोलावली?" अबू गालिबनं दारातूनच विचारलं.

तिनं चाचरत सगळं सांगितलं: चिमण्या, दलिया, हाकलायला म्हणून वाजवलेला डबा. तेवढ्यात टाकीला शिंक आली. अबू गालिब त्या टाकीकडे बराच वेळ बघत राहिला.

"घाबरू नकोस, पोरी," तो म्हणाला. "ज्याला पाखरू हाकलता येत नाही, त्याच्याशी कसलं वैर?"

तिच्या हातातला डबा घेऊन तो वाजवत जिना उतरला. थवा उठून त्याच्यामागे गेला.

बऱ्याच वेळानं वाएल बाहेर आला. कपडे झटकत हळूच म्हणाला, "माझं नाव नाही ना सांगितलंस त्याला?"

"नाही," रुदैना म्हणाली. "त्यानं विचारलंच नाही."