मुकादम सरांची किटली

मुकादम सरांच्या चहात साखर पडणार की नाही, हे सर ठरवत नाहीत. एक दिरहमचं नाणं ठरवतं. या नाण्याच्या एका बाजूला अरबी कॉफीची किटली असते. किटली पडली तर साखर, काटा पडला तर बिनसाखरेचा. डॉक्टरांनी साखर निम्मी करायला सांगितली, तेव्हा सरांनी हा तोडगा काढला. नाणं टेबलावर उघडं पडलं पाहिजे आणि साक्षीदार हवा, हा त्यांचा कायदा. साक्षीदार बहुतेक मीच असते, कारण बाकीचा स्टाफ त्यांना पाहिलं की कप उचलून पळतो.

सर रत्नागिरीचे, मी वसईची. शारजात आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहतो आणि दुबईतल्या एकाच शाळेत शिकवतो. ते गणित, मी सायन्स. येणंजाणं त्यांच्या गाडीतून. ट्रॅफिकमध्ये अडकलो की सर खिशातून डायरी काढतात.

"थिअरी काय सांगते, टीचर? तीन लेनपैकी आपली आधी सुटायची संभाव्यता एक छेद तीन. आणि प्रयोग काय सांगतो? चाळीस दिवसांत फक्त चारदा!"

"सर, यल्ला, चला! सुटली आपली लेन!"

तोवर शेजारची पुढे गेलेली असते. मग तेही डायरीत लिहिलं जातं.

आठवीला संभाव्यता शिकवायची वेळ आली की सरांच्या अंगात येतं. प्रत्येकाने घरी पन्नास वेळा नाणं उडवायचं आणि निकाल क्रमाने लिहून आणायचा. यंदा एका मुलीने वही दिली. किटली, काटा, किटली, काटा, मध्येच दोन काटे, पुन्हा किटली. बेरीज बरोबर पंचवीस-पंचवीस. मी तेव्हा प्रोजेक्टर मागायला त्यांच्या वर्गात गेले होते.

"नाणं उडवलंस?" सरांनी विचारलं.

"यस, सर."

"खोटं. मनाने लिहिलंस."

"बट हाऊ डू यू नो, सर?"

"खरं नाणं इतकं शहाणं नसतं, बेटा. ते ओळीने सहा-सहा वेळा काटा पडतं. आपल्याला वाटतं, आता तरी किटली पडेल. पण त्याला मागचं काही आठवत नाही, आणि आपली दयाही येत नाही. दया येते ती खोटं लिहिणाऱ्याला. म्हणून तो दोन काट्यांनंतर लगेच किटली टाकतो."

पोरगी ढसाढसा रडली. परतताना सर गाडीत अपराध्यासारखे बसले होते. "पकडलं की पोरं रडतात हो," एवढंच म्हणाले. घरी गेल्यावर त्यांनी हे सगळं भाभींना सांगितलं असणार, कारण वर्गातली प्रत्येक वही भाभींना ऐकवल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही.

भाभी म्हणजे त्यांच्या पत्नी. ईदनंतर त्यांना रक्ताचा आजार निघाला. हे औषध निम्म्या लोकांना लागू पडतं, असं डॉक्टर म्हणाले. "म्हणजे नाणंच की," सर म्हणाले. डॉक्टर हसले नाहीत. तेव्हापासून दर आठवड्याला रक्त तपासतात आणि रिपोर्ट सरांच्या मोबाइलवर येतो. पलंगासमोरच्या कॅलेंडरवर सर निकाल मांडतात. पेशी वाढल्या तर छोटी किटली, कमी झाल्या तर काटा. पलंगावरून भाभींना आपल्या तब्येतीची बातमी कळते ती एवढीच.

परवा घरी येताना ट्रॅफिकमध्ये मोबाइल वाजला. सरांनी पाहिलं आणि तो उलटा ठेवून दिला.

"किटली?" मी विचारलं.

"काटा. ओळीने सातवा."

"सर, नाणंसुद्धा सात-सात वेळा..."

"रक्त म्हणजे नाणं नाही, टीचर. रक्ताला मागचं सगळं आठवतं."

त्या दिवशी आमची लेन सगळ्यांत आधी सुटली. सरांनी डायरी काढली नाही.

घरी जाऊन मी भाभींसाठी तांदळाची पेज केली आणि त्यांच्याकडे घेऊन गेले. सर कॅलेंडरसमोर उभे राहून चित्र काढत होते, अगदी तोटीसकट. "बेगम, किटली!" त्यांनी जाहीर केलं आणि चहा टाकायला आत गेले.

मी कॅलेंडर पाहिलं. काटा, किटली, काटा, काटा, किटली, काटा आणि आजची किटली. दोनापुढे काटा कुठे गेलाच नव्हता.

"दिसलं ना, टीचर?" भाभी हळूच म्हणाल्या.

मी मान खाली घातली.

"बावीस वर्षं वह्या ऐकतेय त्यांच्या. खरं नाणं इतकं शहाणं नसतं." त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात तापलेला होता. "पण त्यांना कळू देऊ नका हां. पकडलं की पोरं रडतात."

सर ट्रे घेऊन आले. भाभींना गोड चहाच आवडतो. सरांनी नाणं उडवलं, मुठीत झेललं आणि एकट्यानेच डोकावून पाहिलं.

"किटली! बेगमला साखर!"

मूठ त्यांनी उघडलीच नाही. नुसते माझ्याकडे बघत राहिले. कायद्याप्रमाणे साक्षीदार मी होते.

"हो, सर," मी म्हटलं, "किटलीच आहे." आणि भाभींच्या कपात दोन चमचे साखर घातली.