इंजिन बंद पडून ग्लायडरला भीषण अपघात

जी घटना वर्तमानपत्रात छापून येत नाही, ती घडली असे मानायला फारसा आधार उरत नाही. याउलट जी छापून येते, ती घडलीच नाही हे सिद्ध करायला माणसाला आयुष्य पुरत नाही. या दोन सत्यांच्या मधोमध डेस्क नावाचे एक लांब टेबल असते. अशाच एका टेबलापाशी, पंख्याखालच्या खुर्चीत (पंखा बंद), एक उपसंपादक बसत असे. कचेरीत त्याला सगळे स्वल्पविराम म्हणत, कारण बोलता बोलता मध्येच थांबून आपण बोलतोय ते खरे आहे का, याचा तो विचार करी. वृत्तसंपादकसाहेबांच्या मते हा आजार होता आणि तो सुट्टी घेऊन बरा करण्याजोगा होता.

विमान अपघातासाठी या दैनिकाकडे एक तयार चौकट होती. तिच्यात रिकाम्या जागा तीनच: ठिकाण, वेळ आणि मृतांचा आकडा. बाकीचा मजकूर कायमचा. 'इंजिन अचानक बंद पडून विमान कोसळले. कानठळ्या बसवणारा आवाज झाला. वैमानिकाने प्रसंगावधान राखून शाळा टाळल्याने मोठा अनर्थ टळला. परिसरात घबराटीचे वातावरण आहे.' चौकट एकतीस वर्षे जुनी आणि अत्यंत भरवशाची होती. अपघातच काय ते कधीकधी तिच्याबरहुकूम घडत नसत.

एका रविवारी दुपारी चारला फोन वाजला.

"अरे, मीच बोलतेय," स्वल्पविरामाची थोरली बहीण म्हणाली. "वारा पडला, म्हणून कुरणात उतरलेय. चाक जरासं वाकलंय, बाकी काही नाही. तुमच्याकडे कोणीतरी कळवलंच असेल, म्हणून सांगितलं. आईला म्हणावं, जेवायला येते, फक्त उशीर होईल."

ताई पेशाने दंतवैद्य. बावीस वर्षे ती ग्लायडर उडवत होती. ग्लायडरला इंजिन नसते. त्याला दोराने ओढून वर नेतात आणि सोडून देतात. मग ते वाऱ्याच्या जिवावर तरंगते, आणि वारा संपला की मोकळे रान बघून उतरते. सहा दिवस लोकांच्या जबड्यात डोकावल्यावर सातव्या दिवशी ताईला आभाळ लागे. ते बंद झाले तर ती आतून विझेल, हे स्वल्पविरामाला पक्के ठाऊक होते.

कोणीतरी खरोखरच कळवले होते. साहेबांनी चौकट पुढे सरकवली.

"साहेब, याला इंजिनच नसतं."

"नसतं ना? मग ते चालू तर नव्हतं?"

"नाही, पण..."

"म्हणजे बंद होतं. लिहा."

स्वल्पविरामाने धीर करून ते वाक्य खोडले. तेव्हा पानात दोन ओळींचे भोक पडले. पान लावणाऱ्याने खरे पण दोन ओळींचे असे दुसरे वाक्य मागितले. ते सहा मिनिटांत सापडले नाही, आणि इंजिन आपल्या जागी परत गेले. शाळा कुरणापासून सहा मैलांवर होती आणि रविवारमुळे बंद होती, म्हणजे ती चांगलीच टाळली गेली होती. मृतांच्या आकड्यापुढे 'शून्य' लिहिणे उद्धटपणाचे दिसते, असा संकेत होता. तिथे 'अद्याप समजू शकलेला नाही' असे पडले.

सकाळी ताई आईच्या समोर बसून चहा पीत होती. आईने पेपर खाली ठेवला.

"इंजिन बंद पडलं आणि मला बोलली नाहीस?"

"आई, त्याला इंजिन नसतं गं. तू स्वतः बसलीयेस त्यात."

"मी बसले तेव्हा नसेल. नंतर बसवलं असेल. छापलंय ना." मग तिने पेपर पुन्हा उचलून पाहिला. "आकडा समजला नाही म्हणतायत. तू बरी आहेस ना?"

स्वल्पविरामाने त्याच दिवशी खुलासा लिहिला: 'ग्लायडरला इंजिन नसते.' साहेबांनी जुन्या अंकांचे गठ्ठे मागवले. एकतीस वर्षांत ग्लायडरच्या सतरा बातम्या होत्या. सतराही वेळा इंजिन बंद पडले होते (चारदा तर त्याने आधी पेटही घेतला होता). एका खुलाशासाठी सतरा बातम्यांना तोंडघशी पाडणे दैनिकाच्या परंपरेत बसत नव्हते. तडजोड झाली. दुसऱ्या दिवशी छापून आले: 'सदर ग्लायडरचे इंजिन बंद पडले नव्हते. ते अखेरपर्यंत उत्तम स्थितीत होते. चुकीबद्दल दिलगीर आहोत.'

खुलासा हवाई विभागाने वाचला आणि विभागाला योग्य तो प्रश्न पडला: इंजिन उत्तम स्थितीत असताना ही बाई कुरणात कशाला उतरली? निष्काळजीपणाचा ठपका ठेवून ताईचा परवाना निलंबित झाला.

चार रविवार ताई घरी बसली. पहिल्या रविवारी तिने कपाटे आवरली, दुसऱ्या रविवारी पुन्हा तीच आवरली. मग नुसतीच खिडकीतून ढग बघत राहिली. भावाला ती एका शब्दानेही बोलली नाही. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि तो रजा टाकून विभागात गेला.

अधिकारी भला माणूस होता. "ग्लायडरला इंजिन नसतं हे मलाही कळतं हो," तो म्हणाला. "पण फाइलीत आहे. फाइलीतलं इंजिन असं हवेत विरून कसं चालेल? काढून टाकण्याचा अर्ज करा."

अर्ज झाला. निरीक्षक आला. जिथे इंजिन नव्हते ती जागा त्याने चारही बाजूंनी पाहिली, बॅटरी मारून पाहिली आणि दाखला दिला: 'इंजिन पूर्णपणे काढण्यात आले असून त्याची खूणही शिल्लक नाही. कामाचा दर्जा उत्कृष्ट.' परवाना परत मिळाला. पाचव्या रविवारी ताई वर गेली आणि तीन तास खाली आली नाही. सोमवारी दैनिकात होते: 'बिनइंजिनाचे ग्लायडर आकाशात, नागरिकांत घबराट.'

त्यानंतर स्वल्पविरामाने ही सगळी हकीकत, एकही शब्द न वाढवता, लिहून काढली. मथळा दिला: 'ताई कुरणात उतरली आणि जेवायला घरी आली.' मजकूर तीन आठवडे सगळ्यांसमोर टेबलावर पडून होता. आईसकट कोणीही तो वाचला नाही. शेवटी साहेबांनी आतल्या एका अक्षरालाही हात न लावता फक्त मथळा बदलला.

बदललेला मथळा वर आहेच. तो बघूनच तुम्ही बसलात, आणि मृतांचा आकडा अजून कसा येत नाही म्हणून इथवर वाचत आलात. तो अद्याप समजू शकलेला नाही.